अतिभारारोपण आणि मोटारीचे चाक

हिंडलग्यावरून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने चंदगडच्या पश्चिम पट्ट्यातील भात आमच्या वखारीत येते. सुगीच्या आरंभी तिकडच्या पाणंदी ओल्याच असतात आणि नेहमीची मालमोटार त्यांत रुतते. म्हणून 2003 साली आम्ही लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जुनी शक्तिमान घेतली. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने 1959 पासून जबलपुरास बनू लागलेली, चारही चाकांना ओढ असलेली ही गाडी. चिखलात तिला तोड नव्हती.

तेवढ्यावर समाधान मानले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. आम्ही तिला मूळच्यापेक्षा दोन मापे मोठे टायर व नव्या डिस्का बसविल्या, मागे जादा पाटे चढविले आणि ऐंशी पोत्यांच्या जागी एकशेवीस भरू लागलो. तिसऱ्या हंगामात एका चढावर मागचा हाफशाफ्ट तुटला. डांबरी रस्ता असल्यामुळे पुढची ओढ जोडलेली नव्हती. ब्रेकने भार पेलला नाही, गाडी मागे सरकली आणि चाकाला दगड लावावयास धावलेल्या हमालाचा पाय तिच्याखाली सापडला. तो गुडघ्याखाली कापावा लागला.

दोष टायरचा नव्हता, मिस्त्रीचाही नव्हता. हिशेब आमचा चुकला होता. टायरचा व्यास शेकडा दहा वाढला, तर तीच ओढ मिळविण्यासाठी आसावर शेकडा दहा अधिक पीळ पडतो; ब्रेकची जमिनीवरील पकड मात्र सुमारे शेकडा नऊ घटते. वेगदर्शक काटाही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो. म्हणजे दिसावयास गाडी बलवान झाली, आणि तिचे तुटणारे व थांबविणारे भाग दुबळे ठरले. जुन्या गाडीवर पैसा घालावयाचाच, तर तो आधी ब्रेक, हब, बेअरिंग व हाफशाफ्ट यांवर घालावा. टायर शेवटी, आणि तेही मूळ मापाचे, चिखलास योग्य अशा खोल नक्षीचे.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद व अन्नपाननिरोध यांबरोबर अतिभारारोपण सांगितले आहे, हे आपणांपैकी प्रत्येकाने पाठशाळेत पाठ केले आहे. आपले काही बांधव म्हणतात की तो नियम बैलाचा. लोखंडाला कसली वेदना? आम्हीही असेच म्हणत होतो.

पण बैलाचीच गोष्ट पाहा. लोखंडी धावेच्या गाडीला रबरी चाके आली, तेव्हा बैलांना सुख होईल असे सर्वांनी मानले. 1965 च्या केंद्रीय नियमांनी लहान बैलाच्या दोन चाकी गाडीस साध्या चाकावर 500 किलो, हवेच्या टायरवर 750 आणि बॉलबेअरिंग असल्यास 1000 किलोपर्यंत मुभा दिली. सपाटीवर हे न्याय्यच आहे, कारण ओढ खरोखर हलकी होते. उतारावर मात्र चाक जितके सुलभ, तितका भार बैलाच्या मानेवर येतो. चाकाने वाचविलेले श्रम बैलाला मिळालेच नाहीत. ते आपल्या रोजमेळात जमा झाले. आमच्या शक्तिमानचेही नेमके हेच झाले.

सरकारनेच मर्यादा वाढविल्या, असे कोणी म्हणेल. 2018 च्या जुलैमध्ये दोन आसांच्या मालमोटारीचे अनुज्ञेय एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टन झाले, हे खरे. परंतु जुन्या गाडीला मोठी चाके लावून ती मुभा स्वतःच घेता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या नोंदीशी विसंगत असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा भारास 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंड ठरला. दंडाचे भय दाखविण्याचा मात्र आमचा हेतू नाही. दंड भाड्यात मिळवून घेण्याची कला आपणांस चांगली अवगत आहे.

आमची सूचना एवढीच की, संघाच्या सभासदांनी बिल्टीवर पोत्यांच्या संख्येशेजारी गाडीचे नोंदलेले वजन लिहावे, आणि जादा पोते उतरवून ठेवण्याचा अधिकार ड्रायव्हरला द्यावा. त्याबद्दल त्याचे भाडे अगर बक्षिसी कापू नये. आम्ही त्या अपघातानंतर हे सुरू केले. शक्तिमानला मूळ मापाची चाके परत लावली. तो हमाल आता आमच्या वखारीत काट्यावर बसतो, आणि पोती ऐंशी झाली की मोजणी तोच थांबवितो.