आधी उतार, मग फरशी

घर बांधताना बाईला विचारतात ते ओट्याचा आणि टाइल्सचा रंग. जमिनीखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपाचं मात्र मिस्त्री आणि घरातले पुरुषच ठरवतात. पुढे नहाणी तुंबली की हात कुणी घालायचा? आपणच ना! म्हणून मैत्रिणींनो, कोबा पडण्याआधी बांधकामावर जा. पाइपाला ४ फुटांना १ इंच उतार आहे ना, मोजायला लावा. घराबाहेर वळणावर चेंबर मागा. सांधे सुकले की पाइपाचं खालचं तोंड बंद करून पाणी भरा. तासाभरात पातळी उतरली तर कुठेतरी गळतंय. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकदा फरशी बसली की दुरुस्ती म्हणजे फोडाफोडीच. स्वतःच्या घराचा उतार विचारायला संकोच कसला?