बंदर समुद्रात, दगड आमचा



वाढवणचं बंदर होणार समुद्रात, ते मच्छीमारांचं दुखणं, आपण डोंगराकडची माणसं, आपल्याला काय त्याचं? असं बोलणं अजून पाड्यापाड्यांत कानावर येतं. सरकारलाही आपण असंच बोलावं हे सोयीचं आहे. म्हणून या अंकात बंदराबद्दल जरा सविस्तर.

आधी बंदर केवढं ते पाहू. समुद्रात भराव टाकून १,४४८ हेक्टर नवी जमीन करायची आहे, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून जास्त. लाटा अडवायला दहा किलोमीटरची भिंत. कंटेनर उतरवायचे नऊ धक्के, एकेक हजार मीटर लांब. खर्च ७६,२२० कोटी रुपये. जून २०२४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला येऊन पायाभरणी केली.

हा भराव कशाचा? वाळू दमणसमोरच्या समुद्रातून उपसणार, सुमारे २० कोटी घनमीटर. पण दहा किलोमीटरची भिंत वाळूची होत नाही. तिला दगड लागतो, मुरूम लागतो. तो आकाशातून पडणार नाही, तो डोंगर फोडूनच येणार. बंदरापासून मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यापर्यंत ३२ किलोमीटरचा रस्ता आणि मालगाडीच्या मार्गापर्यंत १२ किलोमीटरची रेल्वे आहे, ती वेगळीच. त्या वाटेवर शेतं आहेत, घरं आहेत, वनहक्काचे प्लॉट आहेत. बंदराचा एक पाय समुद्रात असला तरी दुसरा आपल्याच अंगणात पडतोय.

डहाणू-तलासरीची जमीन आधीच चाळणी झालेली आहे. मालगाडीचा मार्ग गेला, बुलेट ट्रेन आली, मुंबई-वडोदरा महामार्ग आला. सूर्या धरणात आपली माणसं उठली आणि पाणी वसई-विरारच्या नळाला गेलं. प्रत्येक वेळी मोजणीवाला आला तेव्हा म्हणाला, एवढंच, आता पुढे काही नाही.

आता नोकऱ्यांचं. पोरं विचारतात, बंदर नको तर मग आम्ही काय करायचं? हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. बारावी झालेला पोरगा बोईसरच्या कंपनीत ठेकेदाराकडे बारा तास राबतो, कोणी भिवंडीच्या वीटभट्टीवर जातो, कोणी उचल घेऊन वेरावळ-ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. त्याला कोणी बारा लाख रोजगार सांगितले तर त्याचे कान उभे राहणारच. त्याला जमीन वाचवण्याचं व्याख्यान देऊन भागत नाही.

तर बारा लाखांचाच हिशेब करू. सरकार म्हणतं, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून बारा लाख. २०११ च्या जनगणनेत डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या होती साधारण साडेपाच लाख, तीही तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत धरून. म्हणजे घरटी सगळ्यांना नोकरी दिली तरी निम्म्याहून जास्त उरतात! हा आकडा आपल्यासाठी काढलेलाच नाही. कुठल्या तरी गोदामातला हमाल, कुठल्या तरी राज्यातला ट्रक ड्रायव्हर, सगळे ‘अप्रत्यक्ष’ मध्ये बसतात. धक्के चालवणार खाजगी कंपन्या, क्रेन चालवणार यंत्रं. सरकारने भाषणात दिलेला शब्द त्या खाजगी कंपनीला बांधत नाही. कुठल्या कामाला किती माणसं, कायम की ठेक्यावर, आणि त्यात या दोन तालुक्यांतली किती, हे लेखी मागा. भरतीच्या मेळाव्यात जाणाऱ्या पोरांनीही मागावं, त्यात लाज कसली?

हे बंदर कोण बांधतंय? जेएनपीए, म्हणजे उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरवालेच, ७४ टक्के. उरलेले २६ टक्के महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचे. मग सोयरीक जुळवताना आपण करतो तसं करू, त्यांच्या पहिल्या घरी चौकशी करू. उरणला जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला, पाच माणसं मेली. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती त्याची इरादापत्रं आली ऑगस्ट २०१४ मध्ये. तीस वर्षं! तीही जमीन नाही, इराद्याचा कागद. बंदरासाठी उठवलेलं शेवा कोळीवाडा गाव जिथे बसवलं तिथे घरांना वाळवी लागली. ते लोक अजून नीट पुनर्वसन मागताहेत. मासेमारीचं नुकसान झालं म्हणून उरणचे कोळी हरित न्यायाधिकरणात गेले, तेव्हा २०१५ साली १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्या असा निकाल झाला. द्यायची कोणी? बंदराने, सिडकोने आणि समुद्रातून तेल काढणाऱ्या ओएनजीसीने. नुकसान होत नाही असं सांगणाऱ्यांनाच नुकसानभरपाई द्या असं न्यायाधिकरणाला सांगावं लागलं.

तेलाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू, कारण बंदर म्हणजे जहाजं आणि जहाजं म्हणजे तेल. १९७४ साली मुंबई हायला तेल लागलं. देशाला तेल मिळालं, ते खोटं नाही. पण आपल्या किनाऱ्याला काय मिळालं? तेलाच्या सर्व्हेच्या वेळी बोटी बाजूला काढा, जाळी उचला. पावसाळ्यात वाळूवर डांबराचे काळे गोळे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात तेलाच्या कामावरचा पी-३०५ बार्ज बुडाला. त्याच्यावर २६१ माणसं होती, सत्तरहून जास्त मेली. त्यातले बहुतेक ठेकेदाराचे कामगार, लांबून पोटासाठी आलेले. वादळाचा इशारा आधी आला होता. त्याच वादळात दुसरा एक बार्ज वाहत येऊन आपल्या पालघरच्या वडराईला खडकावर लागला. समुद्रातली ‘नोकरी’ म्हणजे काय, हे त्या आठवड्यात किनाऱ्याने पाहिलं.

कोणी म्हणेल, मच्छीमारांचं नुकसान मान्य, पण आपला समुद्राशी संबंध काय? आषाढ-श्रावणात घरात भाजी नसते तेव्हा चुलीवर काय असतं? सुकट, सुके बोंबील. ते वाढवण, वरोर, धाकटी डहाणूच्या बाया वाळत घालतात आणि आपण आठवडी बाजारात घेतो. जिथे भराव पडणार तिथल्याच उथळ खडकाळ पाण्यात मासळी अंडी घालते, वाढते. ती गेली की सुकट महागणार. इथल्या बोटी कमी झाल्या की आपली पोरं आणखी लांब गुजरातच्या बोटींवर जाणार. त्या बोटी कुठे पकडल्या जातात हे ज्यांची माणसं कराचीच्या जेलात वर्षानुवर्षं बसली त्या घरांना विचारा.

आता कायदा. २० जून १९९१ ला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. वाढवणला बंदर करायला पी अँड ओ ही परदेशी कंपनी आली, तेव्हा या प्राधिकरणाने १९९८ मध्ये साफ नाही म्हटलं. कंपनी गेली. त्याच प्राधिकरणाने, अध्यक्ष बदलल्यावर, जुलै २०२३ मध्ये अटी घालून हो म्हटलं. मधे झालं काय? समुद्र बदलला नाही, खडक बदलले नाहीत. २०२० मध्ये केंद्राच्या प्रदूषण मंडळाने कागद काढला की बंदर हा उद्योगच नाही! डहाणूत उद्योगांवर बंधन आहे ना, मग उद्योग हे नावच काढून टाकलं. नोकऱ्या सांगताना मात्र तो देशातला मोठ्यात मोठा उद्योग असतो. विरोधातल्या याचिका एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि लढा सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. मच्छीमारांच्या संघटना आणि वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती अजून उभी आहे.

आपल्या हातात जे आहे ते समुद्रात नाही, डोंगरात आहे. आपला भाग पाचव्या अनुसूचीतला. पेसा कायदा १९९६ चा. त्यात जमीन घेण्याआधी फक्त ‘सल्लामसलत’ म्हटलंय, हे दुबळं कलम आहे, त्यावर फार भिस्त ठेवू नका. पण दगड-मुरूम म्हणजे गौण खनिज. त्याच्या खाणीचा पट्टा देण्याआधी शिफारस बंधनकारक आहे. शिफारस नाही तर पट्टा नाही. खोच एवढीच की केंद्राच्या कायद्यात ‘ग्रामसभा किंवा पंचायत’ असे शब्द आहेत. म्हणून ठेकेदार ग्रामसभेत येत नाही, तो संध्याकाळी सरपंचाच्या घरी जातो. सरपंच आपलेच आहेत, त्यांना एकटं सोडू नका. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा जाहीर झालेली असेल तर तिची सभा लावा. झाली नसेल तर आधी तो अर्ज करा.

वनहक्काच्या प्लॉटवर मोजणी आली तर दाव्याची पोच पुढे करा. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत तिथून उठवता येत नाही, हे कलम ४(५) आहे, आकडा पाठ करा. कोऱ्या कागदावर किंवा इंग्रजी कागदावर अंगठा देऊ नका, पैसे ‘आगाऊ’ म्हणून दिले तरी.

खाणीच्या विरोधातला ठराव करताना गट नंबर लिहा, डोंगराचं आपल्या बोलीतलं नाव लिहा, त्यावर कोणता देव आहे, कोणाची गुरं चरतात, पाण्याचा झरा कुठला, तेही लिहा. हजर बाया-माणसांच्या सह्या-अंगठे त्याच पानावर घ्या. चार प्रती करा. एक तहसीलदाराला, एक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेला, एक वनखात्याला, आणि एक गावात पेटीत. प्रत्येक प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या आणि तिची झेरॉक्स संघटनेच्या कार्यालयात आणून द्या.