कुंभारणीचे घरटे आणि वैमानिकाचा काटा

उन्हाळ्याची सुटी संपून हदगाव तालुक्यातील शाळांच्या खोल्या उघडल्या की खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात, क्वचित खडूच्या पेटीतही मातीची इवलीशी घरटी आढळतात. ती कुंभारीण माशीची. ओल्या मातीची गोळी आणायची, एखादे आयते छिद्र शोधायचे, आत अंडे आणि पिलासाठी भक्ष्य ठेवून तोंड लिंपून टाकायचे, एवढाच तिचा उद्योग. शिपाई काडीने ते टोकरून काढतो आणि वर्ग सुरू होतो. हेच घरटे विमानाच्या एका नळीत झाले तर मात्र प्रकरण इतके सोपे राहत नाही.

ही नळी मूळची नदीवरची. फ्रान्समधील आंरी पितो या अभियंत्याने १७३२ साली सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती पाण्यात धरली. पैनगंगेच्या पाण्यात कोणी वाकवलेली नळी प्रवाहाच्या समोर तोंड करून धरली, तर आतील पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा वर चढेल. ओढ जितकी जास्त तितके अधिक चढेल. विमानात पाण्याच्या जागी हवा येते. समोरून आत शिरणाऱ्या हवेचा दाब आणि विमानाच्या अंगावरील लहान छिद्रातून मिळणारा स्थिर हवेचा दाब, या दोहोंतील फरक वैमानिकासमोरचा काटा हलवतो. मोठ्या प्रवासी विमानात अशा नळ्या अनेक असतात. शिकाऊ वैमानिकाच्या सेस्नासारख्या लहान विमानात बहुधा एकच असते, डाव्या पंखाखाली. म्हणजे काटा खोटे बोलू लागला तर त्याची उलटतपासणी करण्यास दुसरा साक्षीदार नाही.

आणि तो खोटे बोलतो ते मोठ्या बेमालूमपणे. नळीचे केवळ पुढचे तोंड बुजले आणि पाणी निथळण्याचे छिद्र उघडे राहिले, तर काटा शून्यावर येतो. हा प्रामाणिक बिघाड म्हटला पाहिजे; तो लगेच लक्षात येतो. परंतु दोन्ही वाटा बंद झाल्या की आतील दाब कोंडला जातो. विमान वर चढू लागले, बाहेरची हवा विरळ झाली, की वेग वाढला नसतानाही काटा वाढ दाखवू लागतो. अननुभवी वैमानिक वेग कमी करण्यासाठी नाक आणखी वर उचलतो, तसा काटा आणखी चढतो. प्रत्यक्षात वेग घटत असतो आणि एका क्षणी पंखांचा आधारच नाहीसा होतो.

हे निव्वळ पाठ्यपुस्तकी भय नव्हे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बिर्गेनएअरचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले व त्यातील १८९ जण मृत्युमुखी पडले. ते विमान काही दिवस नळ्यांवर आच्छादन न घालता उभे होते, आणि नळीत कुंभारणीसारख्या माशीने घर केले असावे असा चौकशीचा निष्कर्ष होता. धावपट्टीवरून धावत असतानाच कप्तानाला आपला काटा चालत नसल्याचे कळले होते. सहवैमानिकाचा काटा ठीक होता. तरीही उड्डाण थांबवले गेले नाही, हा त्या घटनेतील सर्वांत विषण्ण करणारा भाग होय. पुढे १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या विमानात अटलांटिकवर हीच नळी बर्फाच्या कणांनी बुजली. वेगाचा आकडा जेमतेम मिनिटभर बिघडला होता. गोंधळलेल्या वैमानिकाने नाक वर धरून ठेवले आणि २२८ माणसे गेली.

लहान विमानात या संकटावरचा उपाय अवघड नाही, परंतु तो अंगवळणी पडलेला असावा लागतो. धावपट्टीवर वेग घेताना काटा जिवंत झाला की नाही हे पाहणे आणि झाला नसेल तर पट्टी शिल्लक असतानाच इंजिनाचा जोर काढून थांबणे, ही पहिली गोष्ट. हवेत ध्यानी आले तर काट्याच्या मागे धावायचे नाही. इंजिनाचे ठरावीक फेरे आणि क्षितिजाच्या मानाने नाकाची ठरावीक ठेवण या दोहोंतून विमानाचा वेग आपोआप ठरतो. काटा नसला तरी हा हिशेब टळत नाही. ओलावा वा बर्फाची शंका असेल तर नळीचा तापक चालू करावा, स्थिर दाबाचे छिद्र बुजल्यासारखे वाटले तर पर्यायी वाट उघडावी, नियंत्रण कक्षाला कळवावे आणि लांब, सरळ रेषेत उतरावे. उपग्रहावरून मिळणारा वेग हा जमिनीवरचा वेग असतो. त्यात वाऱ्याचा हिशेब धरल्याखेरीज तो फसवाच. सेस्नाच्या पंखाच्या कडेला असलेला धोक्याचा भोंगा मात्र या नळीवर अवलंबून नसतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

हे सारे प्रशिक्षणात शिकवले जाते. मग प्रश्न कोठे आहे? तो हिशेबाच्या वहीत आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते, आणि सारा खर्च पन्नास लाखांच्या आसपास वा त्याहून वर जातो. हळदीच्या वा केळीच्या उत्पन्नावर, प्रसंगी जमीन विकून, हा पैसा उभा करणाऱ्या घरातील मुलाला एकेक तास मोजून मिळतो. शुल्क आकारले जाते ते हवेतील वेळेचे. विमानाभोवती फेरी मारून नळीवरचे लाल आच्छादन काढले की नाही, तोंडात माती दिसते की काय, हे पाहण्यात गेलेली दहा मिनिटे कोणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. संस्थेला ती तोट्याची वाटतात, विद्यार्थ्याला दिरंगाईची. ज्या कामाला मोल नाही ते काम आधी आखडले जाते, मग औपचारिक होते आणि अखेरीस केवळ सहीपुरते उरते. कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही हा क्रम परिचयाचा आहे.

बारामतीजवळ १९ आणि २२ ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे चार दिवसांत, दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. त्या अपघातांचा संबंध या नळीशी जोडणे गैर ठरेल. परंतु त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे काम थांबवले, तेव्हा प्रश्न एकट्या विमानाचा नसून संस्थेच्या शिस्तीचा आहे हे सरकारनेच मान्य केले होते. २०२५ मध्ये महासंचालनालयाने अशा संस्थांची श्रेणीवार यादी काढली, तीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. पालकाला निदान एवढे कळू लागले, हे बरेच झाले. मात्र उड्डाण मध्येच सोडून परत फिरलेल्या विद्यार्थ्याचा तास बुडाला की भरून दिला गेला, हे कोणत्याही श्रेणीवरून कळत नाही. काटा हलला नाही म्हणून थांबणाऱ्या मुलाला त्या दिवसाची पाळी गमवावी लागत असेल, तर पुढच्या वेळी तो थांबेलच याची शाश्वती काय?

नांदेड व लातूर येथे धावपट्ट्या आहेत. उद्या तेथे प्रशिक्षण संस्था आणण्याची मागणी पुढे आली, तर स्वागतसमारंभांबरोबर काही अटीही घालाव्या लागतील: उड्डाणापूर्वीच्या तपासणीचा वेळ शुल्कात धरलेला असावा, रद्द केलेल्या उड्डाणाचा भुर्दंड विद्यार्थ्यावर पडू नये आणि प्रशिक्षकाने काट्यावर झाकण लावून विद्यार्थ्याला एकदा तरी विमान उतरवायला लावावे. शेवटच्या अटीला लागते ती एक रबरी चकती. मराठवाड्यात कुंभारणीला मात्र कोणत्याही परवान्याची गरज नाही. पावसाळा सुरू झाला की ती आपल्या वेळेला हजर असते.