बांगडीवाल्याची तीन कॅलेंडरं

'मुलगा काय करतो?' या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरांत अजून एका शब्दात लागतं. शिक्षक. तलाठी. कंडक्टर. या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीसाठी स्थळ आलं. मुलाच्या मामूंनी सांगितलं, 'घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो. फ्रीलान्स.' पगार किती, तर दर महिन्याला वेगळा. कंपनी कोणती, तर एक नाही. पाहुणे गेल्यावर मुलीच्या अब्बांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही मोठ्या शहाणपणानं म्हणालो, 'घाई नको. पक्की नोकरी लागू द्या, मग पाहू.' मुलीला कोणी काही विचारलं नाही. आम्हीही नाही.

पुढे महिनाभरानं कामानिमित्त गडचिरोली जिल्ह्यात जाणं झालं आणि चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला जत्रेचे दिवस होते. वैनगंगा इथं वळून उत्तरेकडे वाहते, काठावर जुनी दगडी मंदिरं आहेत आणि महाशिवरात्रीला दोन्ही जिल्ह्यांतून माणूस लोटतो. जत्रा म्हटली की बांगड्यांची ओळ आलीच. तिथं एका मनियार चाचांच्या दुकानापाशी आम्ही सलाम करून उलट्या खोक्यावर बसलो, ते दोन तास उठलोच नाही.

त्यांचं काम बघण्यासारखं. बाईचा हात हातात घेतला की माप विचारायचं नाही, बोटांनीच कळतं, दोन-चार की दोन-सहा. तळवा असा दाबतात की काच मनगटात कधी उतरली ते तिलाही समजत नाही. गिऱ्हाईक कमी झाल्यावर विचारलं, 'चाचा, धंदा कसा आहे?'

'यंदा बरा हाये. जत्रा उठली का रोजे लागतेत. एकाच मालावर दोन बाजार.'

आम्ही मनातल्या मनात हिशोब केला. यंदा, 2025 साली, महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला आली आणि पहिला रोजा 2 मार्चला. म्हणजे मार्कंड्याहून पेटी बांधली की सरळ शहरातल्या ईदच्या बाजारात. पण हे काही नेहमीचं नव्हे. 2016 साली महाशिवरात्र 7 मार्चला होती आणि ईद 7 जुलैला, ऐन पावसात. पंचांगात दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास अधिक महिना येतो, म्हणून जत्रा आपला ऋतू सोडत नाही. हिजरी सनात तशी भर नाही, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. माघात चिमूरची घोडायात्रा, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा, ही दुकानं पंचांगावर. नागपुरात ताजबागचा उर्स आणि दोन्ही ईद, ही दुकानं चंद्रावर. गेल्या वर्षीचं वेळापत्रक या माणसाला यंदा जसंच्या तसं कधीच वापरता येत नाही. बेत बदलायला तो संकटाची वाट बघत नाही. बेत दर वर्षी बदलतोच.

आणि तिसरं कॅलेंडर जंगलाचं. ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. 70 पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचा. हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, पण त्या पैशाचा हप्ता हाती पडला की गावात आधी लग्नं निघतात आणि लग्नाला हिरवा चुडा लागतो. तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या बायाही उन्हाळ्यापर्यंत परततात. चाचा त्या काळात जत्रा-शहर दोन्ही सोडून खेड्यांत फिरतात. धानाची मळणी झाल्यावर पुन्हा तसंच. मधला पावसाळा कोरडा, म्हणजे त्यांच्यासाठी. तेव्हा ते छत्र्या दुरुस्त करतात. घरी चाचींचं फॉल-पिकोचं मशीन बारा महिने चालतं.

आम्ही 2020 सालाबद्दल विचारलं. त्या वर्षी शिवरात्र 21 फेब्रुवारीला आटोपली होती. चाचांनी जत्रेच्या कमाईतून लग्नसराईचा आणि ईदचा फिरोजाबादचा माल भरला आणि 25 मार्चला देश बंद झाला. मिरचीला गेलेले मजूर तेलंगणातून पायी निघाले होते, तेंदूची खात्री नव्हती, लग्नं पुढे ढकललेली. 25 मेची ईद लोकांनी घरात केली. बांगडी घ्यायला कोण येणार? 'मंग भाजीची गाडी लावली,' चाचा म्हणाले. 'भाजीले परवानगी होती. बांगडीच्याच गिऱ्हाइकाले वांगे देल्ले. उधार कोण बुडवते, कोण नाही, ते मले पाठ होतं.'

ते शेवटचं वाक्य आम्हाला घरापर्यंत पुरलं. हुनर काचेचा होता, तो वांग्याला उपयोगी नव्हता. उपयोगी पडली ती गिऱ्हाइकाची ओळख, उधारीचा अंदाज, आणि पहाटे मंडईत उभं राहायला न लाजणं. कारखान्यात एकाच यंत्रापाशी वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे हात कमी नसतो, पण गिऱ्हाईक कधी त्याच्यासमोर आलेलं नसतं. सुट्या कामातलं शिक्षण इथं होतं.

मात्र हे सगळं गोड करून सांगणं आम्हाला पटत नाही. आपल्याच पिंजारी घरांकडे पाहा. धुनकी खांद्यावर घेऊन दारोदार कापूस पिंजणारा माणूस पूर्ण स्वतंत्र होता. पिंजणयंत्र आलं, मग फोमची गादी आली आणि अनेकांची धुनकी खुंटीला लागली. त्यांचं कौशल्य कमी नव्हतं, गिऱ्हाईक एकाच कामासाठी हाक मारत होतं. आणि लवचीक माणसाची किंमत घरात कोणीतरी भरतच असतं. चाचांना विचारलं, ताप आला तर? 'ताप आला तं पेटी बंद.' त्या दिवसांत चाचींचं मशीन घर चालवतं. लवचीकपणाचं कौतुक आपण पुरुषाचं करतो आणि शिलाईचे पैसे हिशोबात 'वरखर्च' म्हणून लिहितो.

सरकारदरबारी अशा माणसाला जागा शोधावी लागते. 2020 च्या जूनमध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजनेतून 10,000 रुपयांचं पहिलं कर्ज सुरू झालं, पण ती योजना शहरांत विक्री करणाऱ्यांची. आज चिमूर, उद्या मार्कंडा असलेल्याचं शहर कोणतं? ई-श्रम नोंदणी मात्र 2021 पासून आहे, 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगाराला आधार कार्डावर ती फुकट करता येते. चाचांनी केलेली नव्हती. वाचकांच्या घरी कोणी राहिलं असेल तर या आठवड्यात उरकून घ्या. शिवाय हा प्रश्न आता जत्रेपुरता राहिलेला नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानं देशात 2020-21 साली 77 लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आणि 2029-30 पर्यंत तो आकडा 2 कोटी 35 लाखांवर जाईल असं म्हटलं. आपल्या मुलींची स्थळं यापुढे या आकड्यातूनही येणार.

परतल्यावर आम्ही मुलीच्या अब्बांना फोन केला आणि आमची चूक झाली म्हणालो. नोकरी आहे का, हा प्रश्न अपुरा होता. विचारायला हवं होतं की गिऱ्हाइकं किती, सर्वांत मोठं गेलं तर किती महिने निघतील, दुसरं काय येतं. सगळं काम एकाच ठिकाणाहून येत असेल तर ती नोकरीच, फक्त रजा आणि भविष्यनिर्वाह निधी नसलेली. मग स्थळ वाईट नव्हे, कच्चं.

ईदनंतरच्या रविवारी दोन्ही घरं पुन्हा बसली. या वेळी मुलगीही बसली. मुलानं मोबाइलवर दोन वर्षांचा महिनावार हिशोब दाखवला. निम्म्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचं होतं, हे त्यानं आपण होऊन सांगितलं. यादीत दोन महिने कोरे होते. तिनं तिथं बोट ठेवलं. 'या दोन महिन्यांत काय केलं?'

'चुलतभावाच्या टपरीवर बसलो. मोबाइलची कव्हरं विकली.'

मामू खोकले. ही गोष्ट त्यांनी आम्हाला पहिल्या बैठकीत सांगितली नव्हती.