ट्रायल मोटरसायकल: पेट्रोल सोडून बॅटरीवर जाणं सोपं का वाटतं आणि अवघड का ठरतं?

ओढ्यात शेवाळलेले दगड आणि समोर माणसाच्या उंचीचा कातळ. मोटरसायकलला बसायला धड सीटही नाही, त्यामुळे स्वार फूटरेस्टवर उभा आहे. वेग म्हणाल तर चालणाऱ्या माणसाएवढा. पण पाय जमिनीला टेकला की दंडाचा गुण लागलाच.

मोटरसायकल ट्रायल हा खेळ असा चालतो. इथे कोण पहिला पोहोचतो याला महत्त्व नसतं, कोण कमी वेळा पाय टेकवतो याला असतं.

गेली काही वर्षं या खेळात एक शांत बदल सुरू आहे. शांत हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा, कारण पेट्रोलच्या गाड्यांसोबत आता इलेक्ट्रिक गाड्याही दगडांवर चढू लागल्या आहेत. यामाहा आणि होंडासारख्या बड्या कंपन्याही त्यात उतरल्या आहेत.

मग सगळे स्वार पेट्रोल सोडून बॅटरीकडे का वळत नाहीत? आणि त्यांनी वळावं असं क्लबांना का वाटू शकतं?

हा खेळ नेमका काय आहे?

डोंगर, ओढे, जंगल अशा जागी दोऱ्या आणि खुणा लावून छोटे टप्पे आखले जातात. त्यांना सेक्शन म्हणतात. सेक्शन पार करताना एकदा पाय टेकला तर दंडाचा 1 गुण, दोनदा टेकला तर 2, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर 3. पडलात किंवा सेक्शन पुरा झाला नाही तर 5. शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला.

गाडीही याच कामासाठी बनवलेली असते. स्प्लेंडरचं वजन 110 किलोच्या पुढे जातं, पण पेट्रोलवरची चांगली ट्रायल गाडी 70 किलोच्या आसपास असते. टाकीत जेमतेम अडीच लिटर पेट्रोल मावतं. बहुतेक गाड्यांचं इंजिन टू-स्ट्रोक असतं, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. आरएक्स 100 किंवा जुनी स्कूटर चालवलेल्यांना तो वास आणि तो आवाज वेगळा सांगायला नको.

इलेक्ट्रिकला ही जागा सोयीची का?

कागदावर पाहिलं तर बॅटरीच्या गाडीला याहून योग्य खेळ सापडणं कठीण. वेग कमी, अंतर थोडं. इलेक्ट्रिक मोटर अगदी शून्य वेगापासून पूर्ण जोर देते आणि कातळासमोर उभं राहून उडी घ्यायला नेमकं तेच हवं असतं. शिवाय इंजिन बंद पडण्याची भीती नाही, किक मारायची कटकट नाही.

देखभालही कमी लागते. एअर फिल्टर धुणं, प्लग बदलणं, ऑइलचं प्रमाण मोजणं ही कामं संपतात. बंद स्टेडियममधल्या स्पर्धांमध्ये धूर कोंडण्याचा प्रश्नही उरत नाही.

फ्रान्समधली इलेक्ट्रिक मोशन ही कंपनी अनेक वर्षांपासून अशा गाड्या बनवते आहे. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने, म्हणजे एफआयएमने, 2017 मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ट्रायल-ई कप सुरू केला. पहिला मान 1996 चा विश्वविजेता मार्क कोलोमेर याने पटकावला. पुढच्याच वर्षी यामाहाने टीवाय-ई ही गाडी उतरवली आणि केनिची कुरोयामा त्यावर दुसरा आला.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण क्लचची आहे. शहरात इलेक्ट्रिक स्कूटर चालवणाऱ्याला क्लच नसणं ही सोय वाटते, ट्रायलच्या स्वाराला मात्र ती उणीव वाटते.

कातळावर चढण्यापूर्वी स्वार क्लच दाबून इंजिन फिरवतो. इंजिनातल्या जड चक्रात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, जोर साठतो. मग क्लच झटकन सोडला की तो सगळा जोर एका क्षणात मागच्या चाकाला मिळतो आणि गाडी उसळते. नुसत्या मोटरला असा जोर साठवता येत नाही. ती जोर लगेच देते, पण आपल्या ताकदीपेक्षा जास्त देऊ शकत नाही.

दुसरी अडचण आयडलिंगची. पेट्रोल गाडी उभी असतानाही इंजिन सावकाश फिरत असतं. अनुभवी स्वार अॅक्सिलरेटरला हात न लावता, फक्त क्लचवर खेळत निसरड्या दगडावरून गाडी इंच-इंच पुढे नेतो. मोटर मात्र थांबली की पूर्ण थांबते.

तिसरी अडचण कानाची. चाक पकड घेतंय की घसरतंय, हे स्वाराला इंजिनाच्या आवाजावरून कळतं. वर्षानुवर्षं तयार झालेली ही सवय बॅटरीच्या गाडीवर निरुपयोगी होते. त्यात गाडी चालू आहे हेच ऐकू येत नसल्यामुळे उभ्या गाडीचा अॅक्सिलरेटर चुकून पिळला गेला तर अपघात होऊ शकतो. त्यामुळे मनगटाला दोरी बांधून ठेवण्याचा नियम इथे जास्तच महत्त्वाचा ठरतो. स्वार पडला की दोरी सुटते आणि वीजपुरवठा तुटतो.

कंपन्यांनी यावर काढलेले उपाय पाहिले की गंमत वाटते. ज्या गोष्टी काढून टाकता येतात म्हणून इलेक्ट्रिक गाडी सोपी मानली जाते, त्याच परत बसवल्या गेल्या. इलेक्ट्रिक मोशनने क्लच दिला आणि मोटर सावकाश फिरत राहील अशी आयडलिंगची सोयही दिली. यामाहाच्या गाडीतही क्लच आणि फ्लायव्हील आहे. पेट्रोलवर घडलेल्या हातांना नवी गाडी ओळखीची वाटावी, हाच त्यामागचा हेतू.

बॅटरीचं गणित काय सांगतं?

1 लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे अडीच लिटरच्या टाकीत 22 युनिटच्या पुढे. छोटं इंजिन त्यातला साधारण पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोहोचवतं असं धरलं, तर हाती साडेचार युनिट येतात.

इलेक्ट्रिक ट्रायल गाडीच्या बॅटरीत 2 युनिटच्या आत वीज मावते. मोटर त्यातली बहुतेक वापरते, तरी चाकाला दीड-पावणेदोन युनिटच मिळतात. म्हणजे पेट्रोलच्या साधारण एक तृतीयांश.

हा फरक दिसतो तेवढा जाचक नाही. ट्रायलमध्ये स्वाराचा बराच वेळ सेक्शन पायी पाहण्यात आणि रांगेत उभं राहण्यात जातो. त्या वेळात चालू ठेवलेलं इंजिन पेट्रोल पीत राहतं, मोटर मात्र काहीच खात नाही. एका मैदानात होणाऱ्या क्लबच्या स्पर्धेला एक बॅटरी पुरू शकते. आपल्याकडच्या घरगुती दराने ती भरायला 20 रुपयांच्या आसपास खर्च येईल.

पण स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमची सहा दिवसांची ट्रायल पाहा. 1909 पासूनची परंपरा असलेल्या या स्पर्धेत दिवसाला 30 सेक्शन असतात आणि त्यांच्यामध्ये 160 किलोमीटरपर्यंत प्रवास असतो. टाकी 1 मिनिटात भरते, बॅटरीला मात्र तास लागतात. जादा बॅटरी घ्यायची तर तिचा खर्च मोठा, शिवाय ती डोंगरात पोहोचवायची कोणी?

धुरापेक्षा आवाज महत्त्वाचा का?

इलेक्ट्रिक म्हटलं की प्रदूषण आठवतं. पण हिशेब केला तर वेगळंच चित्र दिसतं. स्वार गाडी व्हॅनमध्ये टाकून 100 किलोमीटरवरच्या स्पर्धेला गेला आणि व्हॅन लिटरला 10 किलोमीटर चालली, तर जाऊन-येऊन 20 लिटर इंधन जळतं. दिवसभराच्या खेळात जळतं 2 ते 3 लिटर. म्हणजे गाडी बदलून वाचणारा धूर हा एकूण धुराचा छोटासा भाग आहे.

आवाजाचं तसं नाही. हा खेळ बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर चालतो. शेतकरी किंवा जंगलाचा मालक परवानगी देतो, म्हणून सेक्शन आखता येतात. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या की मालकाचं मन बदलतं आणि जागा जाते. अशी जागा पुन्हा मिळवणं क्लबसाठी सोपं नसतं.

बॅटरीचं खरं मोल इथे आहे. इलेक्ट्रिक गाडीमुळे स्वार घराच्या मागच्या अंगणातही सराव करू शकतो. सर्वात मोठा फायदा मुलांना होतो. ब्रिटनमधली ओसेट ही कंपनी सुरूच झाली ती एका वडिलांनी आपल्या लहान मुलासाठी इलेक्ट्रिक ट्रायल गाडी बनवली म्हणून. ज्या मुलांनी सुरुवातच बॅटरीवर केली, त्यांना इंजिनाच्या आवाजाची सवय मोडावी लागणार नाही.

असा बदल यापूर्वी झालाय का?

झालाय, आणि त्याचा एक धागा भारताशी जुळतो. 1950 च्या दशकात ट्रायलमध्ये जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. जॉनी ब्रिटन याने 1952 आणि 1957 मध्ये स्कॉटलंडची स्पर्धा रॉयल एनफिल्डवर जिंकली. आज चेन्नईत बनणाऱ्या बुलेटचं नाव त्याच काळात गाजलं.

मग सॅमी मिलर हा दिग्गज स्वार ब्रिटिश एरियल सोडून स्पेनच्या बुल्टाको कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोक गाडीवर आला आणि 1965 मध्ये जिंकला. काही वर्षांतच जड गाड्या मागे पडल्या. त्यासाठी कोणत्याही नियमाची गरज पडली नाही.

याउलट 2000 च्या दशकात टू-स्ट्रोकवर बंदी येणार अशी चर्चा झाली. मोंटेसाने 2005 मध्ये फोर-स्ट्रोक कोटा 4आरटी आणली. बंदी काही आली नाही आणि टू-स्ट्रोक आजही टिकून आहेत. म्हणजे या खेळात नियमाच्या धाकाने गाडी बदलत नाही. नव्या गाडीवर कोणीतरी जिंकून दाखवलं की ती बदलते.

महाराष्ट्राशी काय संबंध?

भारतात हा खेळ फारसा रुजलेला नाही. पण उद्योगाचे धागे पुण्यापर्यंत येतात. ओसेट 2022 मध्ये ट्रायम्फने विकत घेतली आणि ट्रायम्फच्या 400 सीसी गाड्या बजाज ऑटो चाकणला बनवते. स्पेनची गॅसगॅस ही ट्रायलमधली नामांकित कंपनी 2019 मध्ये केटीएमच्या समूहाकडे आली. केटीएम 2024 च्या अखेरीस आर्थिक संकटात सापडल्यावर 2025 मध्ये बजाजनेच तिच्यासाठी पैसा उभा केला.

पुढे काय पाहायचं?

जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोल गाड्यांसमोरच उतरल्या आहेत. 2004 चा विश्वविजेता ताकाहिसा फुजिनामी निवृत्तीतून परतला आणि 2024 मध्ये होंडाच्या आरटीएल इलेक्ट्रिकवर खेळला. मिलरच्या वेळी जे घडलं ते पुन्हा घडवण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

तूर्तास साध्या स्वारासाठी उत्तर त्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घराजवळ सराव करायचा असेल, मैदान गावाला लागून असेल किंवा मूल शिकत असेल, तर बॅटरीची गाडी आजही फायद्याची ठरते. दिवसभर डोंगर पालथे घालायचे असतील तर अडीच लिटरच्या टाकीला अजून तोड नाही.

क्लबांपुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे. आवाजामुळे जागाच गेली, तर गाडी पेट्रोलची की बॅटरीची हा वाद घालायला मैदान उरणार नाही.