सूचना किती द्यावी?

संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या, अर्थात् प्रोग्रॅमिंग, आतां शाळकरी मुलांपर्यंत येऊन पोहोंचली आहे. तिच्या आरंभींच्या अभ्यासांत जें वैगुण्य आम्हांस वारंवार आढळतें, तें प्रश्नांत नसून प्रश्नाखालच्या सूचनेंत असतें. एक तर ती ‘नीट विचार करा’ एवढीच असते, नाहीं तर अख्खें उत्तरच असतें.

पायथॉन भाषेंतील नेहमींचें उदाहरण घेऊं: १ पासून १० पर्यंतच्या संख्यांची बेरीज करा. उत्तर ५५. मुलाचें ४५ आलें, तर त्यानें ‘रेंज(१, १०)’ असें लिहिलें असणार. तेथें १० ही संख्या घेतलीच जात नाहीं. १० आलें, तर बेरजेचें खातें तो प्रत्येक फेरींत पुनः शून्य करीत आहे. दोन्ही चुका एकत्र झाल्यास ९. चुकलेलें उत्तर असें आपलें निदान आपणच सांगत असतां सर्वांस एकच मात्रा उगाळून देण्याचें प्रयोजन काय?

पहिली सूचना अशी असावी: १० ऐवजीं ४ घ्या आणि बेरीज कागदावर करून पाहा. (३ घेऊं नये, तेथें दोन्ही चुकांचें उत्तर ३ च येतें, आणि निदान फसतें.) कागद १० सांगतो; यंत्र एकास ६ सांगतें, दुसऱ्यास ४. दुसरी सूचना: प्रत्येक फेरींत आलेली संख्या व तोंवरची बेरीज छापून पाहा. बहुतेक मुलांस येथेंच उलगडा होतो. तरीही अडल्यास तिसरी: रेंजमधील दुसरी संख्या ही केवळ सीमा होय. व्याकरण शिकलेल्या वाचकांस ह्यांत नवल वाटूं नये. ‘अच्’ ह्या प्रत्याहारांतील च् सीमा दाखवितो, परंतु स्वरांत मोजला जात नाहीं.

सांप्रत विचारतांच संपूर्ण आज्ञावली लिहून देणारीं यंत्रें घरोघरीं आहेत. त्यांसही ‘उत्तर नको, पुढची एकच पायरी सांग’ असें बजावतां येतें, आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं तें अवश्य बजावावें.

तपासणी मात्र एका मर्यादेवर सोडूं नये. १० बरोबर १०० ही मर्यादाही देऊन ५०५० येतात कीं नाहीं तें पाहावें; नाहीं तर एखादा चतुर बटु सरळ ‘५५ छाप’ एवढेंच लिहून खेळावयास निघून जातो, आणि यंत्र त्यास शाबासकी देतें.