घेणारा एक, खेळणारा दुसरा

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेत व्हिडिओ गेम्सचा पूर येतो. एक्सबॉक्स ३६० आला २२ नोव्हेंबर २००५ ला. पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ३ आणि निन्टेन्डोचा वी दोन दिवसांच्या अंतराने, १७ आणि १९ नोव्हेंबरला. २०१३ सालीही नोव्हेंबर, २०२० सालीही नोव्हेंबर. 'कॉल ऑफ ड्यूटी'चा नवा भाग तर जवळजवळ दर वर्षी याच दिवसांत येतो. वर्षाचे बारा महिने असताना सगळ्यांना हेच दोन का हवेत?

सोपं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, दुसऱ्या दिवशी 'ब्लॅक फ्रायडे'ची खरेदी, आणि तिथून नाताळापर्यंत बाजार ओसंडून वाहत असतो. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या बाजारात हातोहात खपणारं सामान दुसऱ्या दिवशी कोण विचारतो? तसंच ते. गर्दी असेल तिथे दुकान मांडायचं.

पण मला वाटतं, खरं कारण आणखी थोडं आत आहे. एरवी गेम विकत घेतो तो खेळणारा. त्याला त्यातलं कळतं, तो चार ठिकाणी चौकशी करतो. नाताळात घेतात आई-बाबा, आजी-आजोबा, मावशी. त्यांना आतला खेळ कसा आहे ते कळत नाही, खोक्यावरचं नाव तेवढं ओळखता येतं. म्हणून या दिवसांत ओळखीच्या नावांना, सिनेमांवरच्या गेम्सना आणि जुन्या गेमच्या पुढच्या भागांना एवढी किंमत येते. आणि नाव पुरेसं असलं की माल कसा आहे यापेक्षा तो तारखेला पोचतो की नाही हे महत्त्वाचं ठरतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९८२ सालचं. जूनमध्ये स्पीलबर्गचा 'ई.टी.' प्रदर्शित झाला आणि त्याने धुमाकूळ घातला. अटारीने गेमचे हक्क मिळवेपर्यंत जुलै संपत आला होता. कार्ट्रिज छापून नाताळाआधी दुकानात पोचायला हवीत, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरला मिळाले जेमतेम पाच आठवडे! एरवी अशा कामाला त्याला सहा-सात महिने लागत. गेम वेळेवर आला, आजी-आजोबांनी घेतलाही. मग मुलं खेळायला बसली आणि तो सारखी खड्ड्यात पडू लागला. पुढे लाखो कार्ट्रिज पडून राहिली किंवा परत आली. १९८३ साली अटारीने न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्दोच्या कचराभूमीत आपला नको असलेला माल पुरला. २०१४ साली तिथे खणलं तेव्हा त्यात 'ई.टी.'ही सापडला. एकट्या याच गेमने अमेरिकेतला बाजार बुडवला असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुमार गेम्सचा ढीग आधीच साचला होता. पण व्यापारी इतके पोळले की १९८५ च्या ऑक्टोबरात निन्टेन्डो आपलं यंत्र घेऊन न्यूयॉर्कला आली तेव्हा न खपलेला माल परत घेण्याची हमी तिला द्यावी लागली. अर्थात तिनेही मुहूर्त निवडला तो नाताळाच्या तोंडावरचाच!

बरं, गर्दीत सगळ्यांचंच भलं होतं असंही नाही. २०१६ साली 'टायटनफॉल २' हा चांगला गेम २८ ऑक्टोबरला आला. आठवडाभर आधी 'बॅटलफिल्ड १', आठवडाभराने नवा 'कॉल ऑफ ड्यूटी'. समीक्षकांनी वाखाणलेला हा गेम दोघांच्या मध्ये चेंगरला.

आणि तारखेचा हट्ट अजूनही सुटलेला नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 'सायबरपंक २०७७' तीनदा पुढे ढकलून शेवटी १० डिसेंबर २०२० ला आणला. जुन्या कन्सोलवर तो धड चालेना. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. शेवटचे कित्येक आठवडे तिथल्या लोकांनी जादा काम करून काढले होते. सण ग्राहकाचा, जागरण कारागिराचं.

तारीखच नको असं मी म्हणत नाही. दिवाळी अंकाचे संपादक मागे लागत नसते तर मराठीतल्या किती कथा लिहिल्याच गेल्या नसत्या. पण दिवाळी अंक घेणारा बहुधा स्वतःच वाचतो. अंक फसला तर पुढच्या वर्षी तो दुसरा घेतो. नाताळच्या भेटीत ही तपासणीच होत नाही.

आता तर बरेचसे गेम घरबसल्या उतरवून घेता येतात. दुकानाच्या फळीवर जागा अडवण्याची घाई पूर्वीएवढी उरलेली नाही. निन्टेन्डोचा स्विच ३ मार्च २०१७ ला आला, 'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२ मध्ये, 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३ मध्ये. तिन्ही तुफान चालले. म्हणजे माल चोख असेल तर गिऱ्हाईक मार्चमध्येही पैसे काढतं. तेव्हा घरातल्या पोराला गेम भेट द्यायचा असेल तर माझं ऐका. नुकताच आलेला घेऊ नका. सहा महिन्यांपूर्वीचा घ्या, आणि कुठला ते त्यालाच विचारा.